धाकोजी तांडेल आणि समुद्रातली काळी पाठ

समुद्रकाठच्या एका गावात धाकोजी नावाचा तांडेल राहत होता. त्याचे स्वतःचे एक लहानसे गलबत होते. गावातली बाकीची गलबते मीठ आणि नारळ वाहायची. धाकोजीचे गलबत मात्र हौशी माणसांना समुद्र दाखवायला न्यायचे. मोठे पाणी कापून ते पार पलीकडच्या वाळवंटी किनाऱ्यापर्यंत जायचे. तिथे वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरलेल्या होत्या. आणि वाटेत, नशिबात असेल तर, देवमासे दिसायचे.

धाकोजी कामात वाकबगार होता, स्वभावाने दिलखुलास होता. पण त्याला स्वतःचे कौतुक फार आवडायचे. कोणी "वा, तांडेल!" म्हटले की त्याच्या मिशा आपोआप वर जायच्या. त्या भरात तो नको ते बोलूनही जायचा.

एकदा गलबतावर चढताना शहरातले अत्तराचे व्यापारी केसरशेठ यांनी विचारले, "काय तांडेल, देवमासा दिसेल ना?"

"दिसेल म्हणजे? गलबताला अंग घासून जाईल!" धाकोजी म्हणाला.

सगळे खूश झाले. सर्वांत खूश झाल्या सगुणाबाई. त्यांचे मिठाईचे दुकान होते. जन्मभर भट्टीपुढे बसलेल्या या बाईंनी पहिल्यांदाच दुकानाला कुलूप लावले होते. पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या गलबताच्या पुढच्या टोकाशी बसल्या आणि लाटांकडे टक लावून पाहू लागल्या.

उडणारे मासे दिसले. कासवे दिसली. देवमासा मात्र काही दिसेना. मंडळी कुरकुरू लागली. धाकोजीच्या मिशा खाली आल्या.

वाळवंटी किनारा जवळ आला त्या सकाळी सगुणाबाई एकदम ओरडल्या, "आला! आला!"

दूर पाण्यात एक काळी, गुळगुळीत पाठ चमकत होती. मध्येच ती लाटेखाली जायची, पुन्हा वर दिसायची, आणि तिच्यावर पांढरे कारंजे उडायचे. सगळे गलबत नाचू लागले. सगुणाबाईंनी पेढे वाटले. केसरशेठनी तर धाकोजीला मिठीच मारली. "वा, तांडेल! शब्दाला जागलात!"

धाकोजीने नीट पाहिले. तो कातळ होता. लाट फुटली की त्याच्यावर पाणी उडत असे. त्याला वळसा घालूनच धाकोजी दर खेपेला किनाऱ्याला लागायचा.

आता त्याला खोटे बोलायचीही गरज नव्हती. फक्त गप्प राहिले की झाले. तोंडात पेढा होता, कानांवर कौतुक पडत होते. मिशा वर चढू लागल्या होत्या. तेवढ्यात त्याची नजर सगुणाबाईंकडे गेली. त्या कातळाला हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

धाकोजीने पेढा कसाबसा गिळला.

"मंडळी, तो देवमासा नाही. कातळ आहे तो. आणि देवमासा दिसेलच असं मी छातीठोक सांगितलं, तेही चुकलंच माझं. समुद्र काही माझ्या हुकमात नाही."

नाच थांबला. केसरशेठ चिडले. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? आनंदात होतो ना आम्ही!"

सगुणाबाईंनी डब्याचे झाकण लावले आणि त्या आत जाऊन बसल्या. धाकोजीला तेच सर्वांत जास्त लागले.

दुपारी मंडळी होडीतून किनाऱ्यावर उतरली. वाळवंट पाहून त्यांचा रुसवा निवळला. ओल्या वाळूत गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. कोरड्या वाळूवर वाऱ्याने सुंदर रेघा ओढल्या होत्या. केसरशेठ सर्वांना घेऊन सगळ्यांत उंच टेकडी चढू लागले.

धाकोजी होडीपाशी थांबला होता. एकाएकी रोहित पक्षी उडाले आणि समुद्राकडे निघाले. त्याने वाळवंटाकडे पाहिले. दूरवर आकाशाची कड तपकिरी झाली होती.

"मागे फिरा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "वाळूचं वादळ येतंय! होडीत चला!"

चढणाऱ्यांना टेकडीआडचे काही दिसत नव्हते; त्यांच्या डोक्यावर आकाश निळेशार होते. केसरशेठ हसले. "सकाळी देवमासा हिरावून घेतला, आता टेकडीही! याला घरी जायची घाई झालेली दिसते. चला हो वर!"

मंडळी घुटमळली. सगुणाबाई मात्र जागीच थांबल्या.

"शेठजी, सकाळी या माणसाला नुसतं गप्प बसून वाहवा मिळत होती. ती त्यानं घेतली नाही. मग आता वादळाचं खोटं तो कशाला सांगेल?"

एवढे बोलून त्यांनी पदर खोचला, वाळूत बसकण मारली आणि त्या सरळ खाली घसरत निघाल्या. ते पाहून बाकीचेही घसरले. एकटे उरलेले केसरशेठ शेवटी गडगडत खाली आले. त्यांचा एक जोडा वरच राहिला.

होडी गलबताला लागते न लागते तोच वादळ आले. टेकडी दिसेना, किनारा दिसेना. गलबताच्या पोटात सगळे एकमेकांना चिकटून बसले. दातांत वाळू करकरत होती, पण माणसे सुखरूप होती.

"तांडेल," केसरशेठ हळूच म्हणाले, "आत्ता आम्ही तिथं वर असतो, तर?"

"नाही ना तिथं? मग झालं तर!" धाकोजी म्हणाला आणि त्याने त्यांना प्यायला पाणी दिले.

परतीच्या वाटेवर एका सकाळी समुद्र अगदी शांत होता. अचानक गलबताच्या शेजारीच पाणी फुगले. एक प्रचंड काळी पाठ वर आली. भात्यातून हवा सुटावी तसा श्वास सुटला आणि सगळ्यांच्या तोंडावर तुषार उडाले. मागोमाग एक इवलीशी पाठ वर आली.

कोणीही ओरडले नाही. सगळ्यांनी वळून आधी धाकोजीकडे पाहिले.

धाकोजीने होकाराची मान डोलावली. मग मात्र असा काही जल्लोष झाला, की गलबत डुलू लागले!

तात्पर्य: आपल्या वाट्याचे नसलेले कौतुक जो नाकारतो, त्याच्या शब्दावर लोक अडचणीच्या वेळी डोळे मिटून विश्वास ठेवतात.