राणीची वाकडी ओवी

एका राज्यात एक राणी रात्ररात्र जागी असे, कारण तिच्या लेकीचा दुधाचा दात हलू लागला होता.

दात हलला तर हलला, त्यात राणीने झोप का घालवावी? तर ऐका.

त्या राज्याची रीत अशी, की बारशाला पाळण्याचं पहिलं गाणं आईनेच रचायचं. कुंभारीण असो की राणी, वाकडं असो की सरळ, आपलं आपण रचायचं आणि चारचौघींत म्हणायचं. राणी चारुशीला चार शास्त्रं शिकलेली. म्हणूनच फसली. पोट दिसू लागल्यापासून तिने ओळी रचल्या आणि पुसल्या, रचल्या आणि पुसल्या. हे काय गाणं झालं? धुणं धुणारी याहून बरं गुणगुणते! बारसं उद्यावर आलं तेव्हा तिच्यापाशी एकच ओळ उरली होती, आणि तीही तिला आवडत नव्हती.

मग ती गुपचूप मुकागडावर गेली. तिथे मांत्रिक रुद्रकंठाच्या गुहेत सर्वांगसुंदर गाण्यांचा खजिना होता.

"एक गाणं दे," राणी म्हणाली.

"देतो. बदल्यात, तुझ्या घरात जे अजून नीट वापरात आलं नाही, ते दे."

राणीला वाटलं, माहेरून आलेलं, कोरंच राहिलेलं चांदीचं घंगाळ मागतोय. "दिलं," ती म्हणाली.

बारशाला असं गाणं झालं, असं गाणं झालं, की सासरच्यांनीसुद्धा नावं ठेवली नाहीत. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, मंजुळा. आणि पाळण्यातलं रडणं मधेच थांबलं. घंगाळ जागच्या जागी होतं. लेकीचा आवाज गेला होता.

खिडकीतून रुद्रकंठाचं बोलणं आलं, "पहिला दात पडायच्या आत स्वतःचं गाणं घेऊन ये, आवाज परत ने. दात पडला, की आवाज माझा."

राणी निघाली का? नाही. आजचं गाणं कच्चं आहे, उद्या बरं जमेल, असं म्हणता म्हणता मंजुळा पाळण्यातून रांगली, रांगता रांगता धावू लागली. लेक झोपली की राणी तिच्या छातीला कान लावी. आत कुठेतरी एक 'आई' अडकली असेल, आज नाही तर उद्या सुटेल. वाड्याखालून कुणाचंही पोर "आई गं" ओरडत गेलं, की राणी हातातलं टाकून वळून बघे. दासी खाली मान घालत. बघून पुन्हा ती आपल्या कामाला लागे.

आणि आता दात हलला.

"दात रेशमाने बांधून टाकू," राजा वीरकेतू म्हणाला. "वैद्यांनी गुरगुट्या भात सांगितलाय. आणि गाणंच हवं, तर दरबारी कवी कशाला पोसलेत?"

"महाराज, दुसऱ्याच्या गाण्यानेच तर घात झाला."

तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावर टिटवी येऊन बसली. "टिटिव! निघणार आहेस की अजून पुसणार आहेस?"

"माझं गाणं तयार नाही गं."

"माझं घरटं पाहिलंयस कधी? उघड्या माळावर चार खडे मांडते, झालं घरटं. सुगरण हसते मला. हसू दे. पिल्लं माझीही उडतात."

राणीने लेकीचं बोट धरलं आणि टिटवीमागे मुकागड चढली.

पहिलं दार दगडाचं होतं. दार म्हणालं, "माझ्यापुढे रांगोळी काढ. काढलेलं पुसायचं नाही."

राणीने मोर काढायला घेतला. मान आखूड झाली, पिसारा एका बाजूला कलला. कोंबडीच ती! राणीचा हात पुसायला गेला.

"हात मागे!" टिटवी ओरडली.

मंजुळाने खाली वाकून पाहिलं, चिमूटभर रांगोळी घेतली आणि कोंबडीखाली एक अंडं काढलं. दार उघडलं.

दुसऱ्या दारावर दगडी तोंडं होती. ती म्हणाली, "एक ओळ गाऊन दाखव. आम्ही हसू. थांबलीस तर परत जा."

"पाळणा..." राणीने सुरुवात केली.

"अगंबाई, आवाज पाहा! चार शास्त्रं शिकली म्हणे!" तोंडं खो खो हसली. पण मंजुळा त्या तोंडांकडे पाहत नव्हती. ती आईच्या ओठांकडे पाहत होती, पुढे काय येणार म्हणून. राणीने डोळे तिच्यावर ठेवले आणि हसण्यातूनच ओळ शेवटापर्यंत नेली. दार उघडलं.

तिसऱ्या दारी रुद्रकंठ स्वतः बसला होता. मागे मडक्यांच्या रांगाच रांगा, तोंडं लाखेने बंद केलेली. प्रत्येक मडक्यावर एका मुलाचं नाव होतं. राणीने नावं वाचली आणि ती थिजली.

"एवढ्या आया?"

"सगळ्या गुपचूप आल्या," रुद्रकंठ म्हणाला. "प्रत्येकीला वाटलं, एकटी आपणच अशी. हे घे, आणखी एक सर्वांगसुंदर गाणं देतो. घरी जा. राज्य तुझी वाहवा करील."

"मला माझ्या लेकीचा आवाज हवा."

"मग म्हण तुझं. पण आहे कुठे? एक ओळ!"

"जरा वेळ दे."

"दाताला विचार."

मंजुळाचा दात आता एका धाग्यावर लोंबत होता. राणी तिथेच खाली बसली, लेकीला मांडीवर घेतलं आणि जे तोंडाला आलं ते गायली:

*पाळणा कुरकुरे, दोरी माझ्या हाती,*
*येईना मज गाणं, जागते मी राती.*
*वाकडी माझी ओवी, तुटका तिचा ताल,*
*तुझ्यावाचून ऐकेल कोण माझे असले हाल.*

सूर दोनदा घसरला. राणीने तो पुसला नाही.

लाख तडकली. एक मडकं फुटलं, मग दुसरं, मग सारी रांग. आवाजांचा थवा भर्रकन गुहेबाहेर उडाला आणि खाली राज्यात घराघरांतून पोरं एकदम बोलू लागली. कुणी पाणी मागितलं, कुणी भावाची चुगली केली. रुद्रकंठाचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही निघेना. खजिन्यातली सुंदर गाणी धुळीसारखी खाली बसली. त्या दिवसापासून त्या राज्यात कुणी उसनं गाणं मागायला गेलं नाही, आणि बारशाला हसणाऱ्या बायका मोकळेपणाने हसल्या, गाणाऱ्या मोकळेपणाने गायल्या.

पण ते मागाहून. गुहेत मंजुळाने आधी दात पडू दिला, जिभेने खिंड चाचपली, आणि तोंड उघडलं. राणीने कान पुढे केला. इतकी वर्षं ती त्या एका हाकेसाठी थांबली होती.

"मी पाळण्यात मावत नाही आता," मंजुळा म्हणाली. "दुसरं गाणं कर."