भोकाचा धनी

हिरडगावच्या तळ्याच्या पाळीला भोक पडलं, आणि ते भोक कोणत्या कारभाऱ्याकडे येतं तेच ठरेना!

एरवी अशा भोकाचं आयुष्य अर्ध्या दिवसाचं. पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा बांध. खेकड्यानं तिथं बीळ कोरलं की कुणीतरी ओरडायचं, गाव धावायचं, चिकणमाती तुडवून बीळ बुजवायचं आणि घरी जाऊन जेवायचं. पण यंदा राजा उदेभानाला राज्य शिस्तीत आणायची हुक्की आली होती. त्यानं जमिनीला एक, पाण्याला एक आणि जीवजंतूंना एक असे तीन कारभारी नेमले. फर्मान निघालं: ज्याला हात लावायचा, त्याच्या कारभाऱ्याचा शिक्का हवा. बिनशिक्क्यानं हात लावणाऱ्या गावाचा तळ्यावरचा हक्क गेला! मासे, शिंगाडे, धानाचं पाणी, सगळं बंद!

भोक पहिल्यांदा दिसलं पारबताला. ही बिसन ढिवराची, गावच्या मासेमाराची लेक, सकाळी जाळं काढायला आलेली. ती धावत भूकारभाऱ्याकडे गेली.

"भोक म्हणजे जिथं जमीन नाही ती जागा," भूकारभारी म्हणाला. "माझा काय संबंध? पाण्याकडे जा."

"पाणी तळ्यात आहे तोवर माझं," जलकारभारी म्हणाला. "बाहेर पडलं की संपलं. आणि भोक पाडलं कुणी? खेकड्यानं! जीवकारभाऱ्याकडे जा."

"खेकडा माझा, कबूल," जीवकारभारी म्हणाला. "पण बीळ काही जिवंत नसतं. जमिनीकडे जा!"

एवढ्या वेळात भोक घागरीच्या तोंडाएवढं झालं. खालच्या शेतांत धान निसवायला आलेलं, लोंब्या बाहेर पडू लागलेल्या. पाळ फुटली असती तर अख्ख्या गावाचं वर्षभराचं अन्न वाहून गेलं असतं. मग गावानं कुणाला विचारलं नाही. बाया, पुरुष, म्हातारे सगळे पाळीवर उतरले आणि दिवस कलायच्या आत भोक बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिन्ही कारभाऱ्यांना आपापली हद्द एकदम आठवली! गाव पाळीवर उरलेली माती तुडवत होतं, तिथूनच त्याला दरबारात उभं केलं गेलं, पायांवरचा चिखल धुवायलाही सवड न देता.

"माझ्या जमिनीला हात लावला, महाराज!"

"माझं पाणी अडवलं!"

"माझ्या खेकड्याचं घर मोडलं!"

राजा गरजला, "फर्मान मोडलंत! तळ्यावरचा हक्क गेला!"

 पारबता पुढं आली. "महाराज, आमी शिक्का कोनाचा घ्याचा होता जी?"

"ज्याचं भोक, त्याचा!"

"मग भोक कोनाचं, ते सांगा."

राजा अडला. पण राजानं अडलेलं दिसायचं नसतं. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "मला विचारतेस? तूच सांग! दिवस मावळायच्या आत भोकाचा धनी माझ्यापुढं उभा कर. केलास तर सुटलात. नाहीतर तळं विसरा!"

दरबार खो खो हसला. भोकाला धनी शोधायचा! तेही बुजलेल्या भोकाला!

"करते जी," पारबता म्हणाली. "पन आधी येक सांगा. भोक काल सकाळी दिसलं, दुपार कलेपर्यंत वाहत होतं. ज्याचं भोक त्यानं ते काहून नाई बुजवलं? महाराजांचं तळं वाहू देनाऱ्या धन्याला काई शिक्षा हाये का नाई?"

"नाही कशी!" राजाला हे आवडलं. "त्याला त्याच तळ्यात गळ्यापर्यंत उभा करीन! आठ दिवस!"

"मग आता तुमीच सांगा," पारबता तिघांकडे वळली, "भोक कोनाचं?"

भूकारभाऱ्याला ठसका लागला. "भोक माझं नाहीच. आणि पाळ म्हणाल तर ती पाण्यासाठी बांधलेली, माझी कशी?"

"पाणी तर पावसाचं!" जलकारभारी घाईघाईनं म्हणाला. "मी काही ते आणलेलं नाही."

"खेकडा ना पशू ना पक्षी," जीवकारभारी घाम पुसत म्हणाला. "आणि मासे, ते ढिवरांचेच आहेत म्हणतात."

मघाशी तळ्याच्या थेंबाथेंबावर हक्क सांगणाऱ्या तिघांनी घटकेत अख्खं तळं झटकून टाकलं! बिचाऱ्यांकडे आता नुसती पदं उरली.

"ऐकलंत ना जी?" पारबता म्हणाली. "कोनाचंच नाई."

"थांब, थांब!" राजा म्हणाला. "मी धनी दाखव म्हणालो होतो. धनी नाही, हे उत्तर चालायचं नाही!"

"धनी हा काय, उभा हाये तुमच्यापुढं." तिनं मागच्या गावकऱ्यांकडे हात केला. "पाय पाहा महाराज आमचे. मांडीपर्यंत माती हाये. आता या तिघांचे जोडे पाहा, कसे लखलखतात! भोक पडल्यावर जो धावला, तोच धनी. भोक आमचं!"

"बरं, तुमचं. मग शिक्का कुठाय?"

"पाळीवर हाये जी! दोनशे शिक्के हायेत, येक येक वीतभर! ओल्या मातीत आमच्या पायांनीच उमटवलेत. येवढे शिक्के तर तुमच्या फर्मानावर बी नसतील!"

 राजा असा हसत सुटला की मंदील घसरून कानावर आला. "जा! तळं तुमचं, पाळ तुमची, खेकडेही तुमचेच! आणि तुला काय देऊ, पोरी? सोनं माग, शेला माग!"

"सोनं नको जी. पाळीला आनखी येक थर द्याचा हाये, आन् माती तुडवाले पाय कमी पडतात." पारबतानं तिन्ही कारभाऱ्यांकडे निरखून पाहिलं. "हे सहा पाय द्या."

"दिले!" राजा डोळे पुसत ओरडला. "कारभारी, जोडे काढा!"