कवडीचं पहिलं अंडं

एका वाडीवर एक तलंग होती, आणि तिनं घातलेलं अंडं कुणी मानलंच नाही. ना घरधनिणीनं, ना खुराड्यातल्या बायांनी, ना दिवसभर तुरा मिरवत फिरणाऱ्या त्या कोंबड्यानं. ओरडून ओरडून घसा बसला तिचा.

तलंग म्हणजे अंड्यावर यायला टेकलेली तरणी कोंबडी. हिच्या पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, म्हणून हिला सगळे कवडी म्हणायचे.

त्या सकाळी कवडीला दाणे टिपवेनात, एका जागी बसवेना. शेवटी ती गोठ्यातल्या भुशाच्या पाटीत जाऊन बसली. जीव जातो की काय असं झालं, आणि मग एकदम मोकळं वाटलं. उठून बघते तर लिंबाएवढं अंडं! त्यावर रक्ताची बारीक रेघ. पहिलटकरणीचं अंडं असंच असतं.

कवडी उडी मारून अंगणात धावली. "घातलं! मी घातलं! या गं, बघा गं!"

घरधनीण पिठाच्या हातानं आली. पाटीत हात घातला. भुसा गरम लागला, पण अंडं नव्हतं.

"आभाळ पडल्यागत ओरडतीस, आणि अंडं कुठाय गं?" असं म्हणून तिनं कवडीला पायानं बाजूला सारलं. गरम भुसा कुणी केला, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

पुन्हा तसंच झालं. पुन्हा ओरडणं, पुन्हा रिकामी पाटी. मग एकदा कवडी अंडं घालून बाहेर पळाली आणि न ओरडता मागं फिरली. बघते तर पाटीत थोरली! खुराड्यातली सगळ्यांत जुनी, दहा जणींची पिल्लं आपल्या पंखाखाली वाढवलेली थोरली. तिनं अंडं फोडलं, गट्ट केलं, टरफलसुद्धा ठेवलं नाही. मग चोच जमिनीवर इकडून तिकडून पुसली आणि बाहेर येऊन शहाण्यासारखी ऊन खात बसली.

कवडीनं बहिणीला, तांबडीला गाठलं. "थोरली खाते गं माझी अंडी! माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"जीभ झडेल तुझी," तांबडी म्हणाली. "जिनं आपल्याला ऊब दिली तिच्यावर आळ घेतीस? घालता येत नसेल तर गप बस."

थोरलीनं डोळे मिटूनच सुस्कारा सोडला. "असू दे गं. तरण्या पोरी आहेत, बोलायच्याच."

आता खरं सांगायचं तर थोरली काही ही खोड घेऊन अंड्यातून बाहेर पडली नव्हती. घरधनीण अंड्याची पोळी करताना अंडी फोडायची आणि ओली टरफलं तशीच्या तशी अंगणात भिरकवायची. "कवच खाल्लं की अंडं टणक येतं," म्हणायची. शेजारच्या आक्का कितीदा बोलल्या, "अगं, वाळवून कुटून घाल. अशानं चव लागते त्यांना." पण ऐकेल ती घरधनीण कसली! "माझ्या कोंबड्या मला ठाऊक," म्हणाली.

पुढं घरी पाहुणे यायचे ठरले. घरधनीण अंगणात उभी राहून म्हणाली, "ती ठिपक्यांची कापते. खाते आणि नुसती बोंबलते."

आक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "घाई करू नको. तुरा बघ तिचा, किती लाल झालाय. पाठीवर हात ठेवून बघ. अंड्यावर आलेली असली तर पळायची नाही, दबून बसेल."

घरधनिणीनं हात पुढं केला. तो हात बघून कवडीला वाटलं, आता हिला पटलं. पळायचं सोडून ती पंख जरा पसरून मातीला टेकून बसली, अगदी निर्धास्त.

"बघ, बसली!" आक्का ओरडल्या. "सोड तिला!"

"बरं झालं बसली," घरधनीण म्हणाली, "मागं धावायचं वाचलं." आणि तिनं कवडीचे दोन्ही पाय धरून तिला उलटी उचलली.

कवडी तेव्हाही ओरडली. तेही कुणी मानलं नाही.

कापल्यावर पोटात पुऱ्या कवचाचं अंडं निघालं. त्यामागं पिवळ्या बलकांची माळ, सुपारीएवढ्या बलकापासून मोहरीएवढ्यापर्यंत. आक्कांनी तोंडाला पदर लावला. "रोज घालत होती गं ती. रोज!"

घरधनिणीनं ते अंडं उचलून हातात घेतलं. आक्कांना वाटलं, आता तरी चुकलं म्हणेल. पण ती म्हणाली, "बघितलं? पोटात दाबून ठेवत होती मेली."

त्या अंड्याची तिनं पोळी केली आणि टरफल अंगणात फेकलं. सगळ्यांच्या आधी थोरली धावली. तिच्या मागं तांबडी, तांबडीच्या मागं बाकीच्या. टरफलाला कवडीचं अंडं चिकटलेलं होतं. सगळ्यांना ते गोड लागलं.

तिथून पुढं त्या घरात अंडं म्हणून हाताला लागलं नाही. जी ती घालायची आणि बाकीच्या तुटून पडायच्या. तांबडी आपल्या पहिल्या अंड्यासाठी घसा फोडून ओरडली. तिचं तरी कोण ऐकणार? शेवटी घरधनिणीनं थोरलीला बलकानं माखलेल्या चोचीनिशी पाटीत पकडलं, आणि त्याच दिवशी अख्खं खुराडं बाजाराला नेऊन विकलं.

रिकाम्या अंगणात आक्का तिला म्हणाल्या, "आता तरी सांग. ही खोड लावली कुणी?"

तिच्या पायाशी सकाळीच फेकलेलं, विकतच्या अंड्याचं ओलं टरफल पडलं होतं. तिनं ते पायानं अंगणातल्या चुलीच्या राखेत लोटलं.

तात्पर्य: ओरडणारीचं आधी ऐकावं, मग सुरीला हात घालावा, कारण चूक मानायची नसली की माणसाला दोष द्यायला मेलेलीच सापडते. घरधनिणीनंही आक्कांना एकच नाव सांगितलं: कवडी.