वरपासून खालपर्यंत निळा

"मग आज तरी मला एकट्याला सोडणार का, सर?"

विचारणारा निहार भोगले. माळावरच्या त्या लहानशा उड्डाणशाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. एकट्याने विमान उडवायची परवानगी तेवढी राहिली होती. ती द्यायची कॅप्टन पाळंद्यांनी, आणि म्हातारा काही केल्या हो म्हणत नव्हता.

पाळंदे शेडच्या सावलीत बसून धावपट्टीच्या टोकाकडे बघत होते. तिथल्या ज्वारीत मागच्या साली त्यांची विद्यार्थिनी मुग्धा विमानासकट पडली. विमान जमीन सोडतं न सोडतं तोच इंजिन बंद पडलं होतं. तेव्हापासून म्हातारा हसायचंच विसरला, खोटं कशाला सांगू.

"विमान तपासलंस?"

"तपासलं."

"पेट्रोल?"

"पंखातल्या टाकीच्या तळातून पेलाभर काढून बघितलं. पाणी नाही."

रात्री अवकाळी पाऊस झाला होता आणि विमान उघड्यावर होतं. टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी बसतं, म्हणून उडण्याआधी तळातलं पेलाभर काढून बघायची रीत. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. त्यात पाणी आलं असेल तर खाली वेगळं दिसतं, मध्ये रेघ दिसते.

"नियम काय आहे?"

नियम शेडच्या भिंतीवर रंगवलेला होता. निहारने तिकडे न बघताच म्हणून दाखवला. "पेला पांढऱ्यासमोर धरावा. वास घ्यावा. मगच इंजिन सुरू करावं."

मग जरा चिडून म्हणाला, "परवाच तपासणीवाले येऊन गेले, सर. कुठे बोट ठेवायला जागा नाही म्हणाले."

"पेला आण."

आणला. अजून भरलेलाच होता. निहारने तो आभाळाकडे उंच धरला.

"हे बघा. वरपासून खालपर्यंत निळा. रेघसुद्धा नाही."

"मुग्धानेही असाच वर धरला होता..."

पाळंद्यांनी त्याच्या हातून पेला घेतला आणि सरळ तोंडाला लावला.

"सर, पेट्रोल आहे ते!"

म्हाताऱ्याने सावकाश एक घोट घेतला. उरलेलं निहारच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ओतलं.

बाही नुसती ओली झाली. डाग नाही. वास नाही.

निहारने बाहीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. पाऊस पडून गेल्यावरचं आभाळ, पेल्यात दिसलं होतं तसंच निळंशार. तो तिथेच खाली मातीत बसला.



"म्हणजे आजही एकट्याला सोडणार नाही," शेवटी तो पुटपुटला.

"सोडलं होतं की," पाळंदे म्हणाले. "मघाशी पंखाखाली पेला भरताना तुझ्याबरोबर कोण होतं?"