दुसरी हाक

“...आणि तिथं मला काहीच आलं नाही तर?”

नूरबाबा कंदिलाची काच पुसत होते. त्यांनी फडकं झटकलं, काचेत फुंकर मारली आणि पुन्हा पुसायला लागले.

“कुठं?”

“कॉलेजात, बाबा. पुण्याला. मघापासून काय सांगतोय मी?”

“नाहीच येणार,” बाबा म्हणाले. “येत असतं तर गेला कशाला असतास?”

अमेय तोडणकरला हे उत्तर मुळीच आवडलं नाही.

अमेय म्हणजे आमच्या खाडीकाठचं कौतुक. बारावीला तालुक्यात पहिला. त्याच्या फोटोचा फलक एसटी थांब्यावर लागला तो एका बाजूने सुटला, तरी अजून फडफडतोय. फोटोत स्वारी हसत नाही. शाळेत मुलं कुठे अडली की अमेयला विचारायची. अमेय कुणाला काही विचारतोय, असं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर तशी वेळच आली नसेल, किंवा आली तेव्हा त्याने ती कुणाला दिसू दिली नसेल.

खाडीच्या मध्यावर एक खडकाळ बेट आहे. त्यावर पिराची कबर, आणि तिची झाडलोट, दिवाबत्ती करणारे हे नूरबाबा. आमचे खलाशी जहाजावर जायच्या आधी इथे डोकं टेकून जायचे. आता खलाशी फारसे राहिले नाहीत, पण लांबच्या गावी राहायला निघालेलं माणूस अजूनही इथे येऊन जातं. होडीवाले काशीतात्या आणून सोडतात. परतायचं झालं की पायऱ्यांवर उभं राहून हाक मारायची, मग ते समोरच्या काठावरून होडी घेऊन येतात. आमच्याकडे हे असंच चालत आलं आहे.

अमेय दुपारीच आला होता. चादर चढवून झाली, फुटाणे खाऊन झाले, तरी तो उठत नव्हता.

“घरचे काय म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“सगळे नुसते सांगतायत. मामा म्हणतो, कुणावर विश्वास ठेवू नकोस. सर म्हणतात, पहिल्या बाकावर बस. आई म्हणते, पोटभर जेवत जा.”

“आईचं ऐक.”

“बाबा, मी थट्टा करत नाहीये.”

“मीही नाही.”

समोरच्या काठावर झाडं काळपट व्हायला लागली होती. आकाश भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. उद्या अमावास्या. ओहोटी संपून पाणी पुन्हा आत यायला लागलं होतं आणि खडकांच्या फटींतून त्याचा बारीक आवाज येत होता.

अमेयने तो आवाज ऐकला आणि घाईने बोलून टाकलं.

“मला एक ताईत द्या.”

“कशासाठी?”

“मला येत नाही... हे कुणाला कळू नये म्हणून.”

बाबांनी काच खाली ठेवली.  मग त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा अमेयला राहवलं नाही.

“मागच्या महिन्यात मी कॉलेज बघायला गेलो होतो. नव्या मुलांना बसवून एका मॅडमनी थोडं शिकवलं. मला एक अक्षर कळलं नाही, बाबा. सगळं इंग्रजीत, आणि भराभर. मॅडमनी विचारलं, कुणाला काही शंका? मागच्या एका मुलाने हात वर केला. त्याने इतकं साधं विचारलं की सगळे हसले.”

“आणि तू?”

“मीही हसलो.”

बाबांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

“मलाही तेच विचारायचं होतं,” अमेय म्हणाला. “अगदी तेच.”

एवढं बोलून त्याचे कान लाल झाले. ही गोष्ट त्याने घरात कुणालाही सांगितली नव्हती. त्या दिवसापासून त्याला धड झोप नव्हती आणि आईला वाटत होतं, पोरगं घर सोडायच्या विचाराने वाळतंय.

“उद्या हॉस्टेलवर हजर व्हायचा शेवटचा दिवस आहे,” तो म्हणाला. “पहाटेची एसटी. ताईत देणार असाल तर आत्ताच द्या.”

बाबा उठले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

“भरती लागली. जोर धरला की काशीला वल्हं मारता येणार नाही. जा, हाक मार आणि नीघ.”

“आणि ताईत?”

“आधी हाक मार.”

अमेय पायऱ्यांपर्यंत गेला. सर्वांत खालची पायरी पाण्यात बुडाली होती. समोर काशीतात्यांच्या खोपटात दिवा लागलेला दिसत होता. धक्क्यावर गळ टाकून बसलेली दोन-चार माणसंही दिसत होती. त्यांत एखादा शाळेतला मुलगाही असेल, असं त्याच्या मनात आलं.

“काशीतात्या!”

हजेरी घेताना वर्गात ‘हजर’ म्हणावं, तेवढाच आवाज. पण संध्याकाळची खाडी शांत असते, पाण्यावरून आवाज लांब जातो.

खोपटाच्या दारात कुणीतरी आलं, उभं राहिलं. काठीसारखा उंच माणूस, खांद्यावर टॉवेल. तात्याच. त्यांनी बेटाकडे पाहिलं.

...आणि ते तिथेच उभे राहिले.

अमेय वाट पाहत होता. होडी जागची हलली नाही. तात्यांनी हात केला नाही, ओ दिली नाही. थोड्या वेळाने ते आत गेले.



दुपारी होडीत तात्यांनी त्याला चार गोष्टी विचारल्या होत्या. कुठलं कॉलेज, राहणार कुठे, जेवणाचं काय. याच्या कानात इयरफोन होते आणि याने ऐकू आल्याचं दाखवलंच नव्हतं. ते त्याला आता आठवलं.

तो परत आला आणि कबरीच्या ओट्याला टेकून बसला.

“ते येणार नाहीत,” तो म्हणाला. “माझ्यावर रागावलेत.”

“असं?” बाबा म्हणाले. त्यांनी कंदील पेटवला.

“त्यांनी ऐकलं. मी बघितलं ना. ऐकून आत गेले.”

“हं...”

अमेयने मोबाइल काढला. बेटावर कधीच रेंज नसते, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो उंच खडकावर चढला, हात वर धरून गोल फिरला, मग खाली उतरला. तोवर आणखी एक पायरी दिसेनाशी झाली होती.

“बाबा, तुम्ही मारा ना हाक. तुमच्यासाठी येतील ते.”

“मला कुठं जायचंय?”

 अंधार दाटत होता. खडकांच्या फटींतला बारीक आवाज आता बारीक राहिला नव्हता. पाणी कपारीत शिरायचं, आत कुठेतरी आपटायचं आणि सुस्कारा टाकल्यासारखं बाहेर यायचं. प्रत्येक वेळी थोडं जास्त वर.

आमच्याकडच्या पोरांना लहानपणी सांगतात की बुडालेली माणसं भरतीबरोबर खाडीत परत येतात. अमेयचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्याने यावर शाळेत भाषणही केलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं. आता मात्र तो पाय ओट्यावर घेऊन बसला.

बाबांनी कबरीमागच्या आपल्या खोलीतून चटई आणली आणि ओट्याशेजारी अंथरली. मग दुसरी आणली.

“ही कुणाला?”

“तुला.”

“मी इथं राहणार नाही!”

“बरं.”

“बाबा, उद्या मी पोचलो नाही तर माझी जागा जाईल. कळतंय ना तुम्हाला? सगळं जाईल!”

“मला कळलं,” बाबा म्हणाले. “काशीला कुठं कळलंय?”

“पुन्हा कसा ओरडू? धक्क्यावर माणसं आहेत. एकदा मारली ना हाक! ज्याला यायचंय तो एका हाकेत येतो. भीक मागितल्यासारखं पुन्हा पुन्हा...”

त्याचं वाक्य तिथेच राहिलं. पाण्याने कपारीत असा काही दणका दिला की त्याच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

बाबांनी कंदील उचलला. अमेयला वाटलं, आता हे पायऱ्यांवर जाऊन दिवा दाखवणार. पण बाबा कंदील घेऊन आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

सगळं काळं झालं.

अमेयला स्वतःचे हात दिसेनात. समोरचा धक्का नाही, माणसं नाहीत, कबर नाही. फक्त ते पाणी, आणि पलीकडे तात्यांच्या खोपटातला दिवा. तो चाचपडत पायऱ्यांकडे निघाला. पाय पाण्यात पडला. घोट्याएवढं गार पाणी, आणि त्याला ओढ होती. त्याने मागे सरकून खडक घट्ट धरला.

तो घाबरला होता. खाडीला घाबरला होता, पुण्याला घाबरला होता, त्या मॅडमना, त्या हसणाऱ्या वर्गाला, आणि सगळ्यांत जास्त, उद्या सकाळी आईच्या तोंडाकडे बघायला.

“काशीतात्याऽऽ!”

आवाज मधेच फाटला. धक्क्यावर कुणीतरी हसलं असेल, नसेलही. त्याला काही ऐकू आलं नाही.

“तात्याऽऽ! मी अमेय होऽऽ! मला न्याऽऽ! मला... मला भीती वाटतेय होऽऽ!”

“ओऽऽ!”

लगेच. जणू तात्या दाराआड तयारच उभे होते. “आलो रेऽऽ! पानी सोडून वर ऱ्हाऽऽ!”

अमेय खडकावर बसला आणि मोठ्याने रडला. अंधार असल्याने ते कुणाला दिसलं नाही, ऐकू मात्र सगळ्यांना गेलं असेल.

होडी पायरीला लागेपर्यंत बाबा कंदील घेऊन बाहेर आले होते. तात्यांनी वल्हं खडकाला टेकवलं.

“चल, बस बिगीनं. वढ लागलीय पान्याला.”

“तात्या, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?”

“मी? कशापायी?”

“मघाशी हाक मारली मी. तुम्ही दारात आलात, बघितलंत. आणि गेलात आत.”

तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू या पोराला तालुक्यात पहिला कुणी काढला, असं विचारत होते.

“दिवेलागणीला पयल्या हाकेला कोन ओ देतो काय? माजा बाबा देत नव्हता, आजा देत नव्हता. पान्यावर जे फिरतं ना, ते एकदाच हाक मारतं. मानूस असला तर पुन्ना मारतो. मी कवाधरनं कान लावून बसलोय. म्हटलं, हा पोर दुसरी का मारीत नाय?”

अमेय होडीच्या काठाला धरून तसाच उभा राहिला. मग वळला.

“बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला सांगितलं का नाही? मी इथं जीव मुठीत धरून बसलो होतो!”

“काशी का येत नाही, हे तू मला विचारलंस कुठं?” बाबा म्हणाले. “तूच मला सांगितलंस, तो रागावलाय.”

 अमेय होडीत बसला. तात्यांनी खडकाला रेटा दिला. पाण्याने होडी खेचली, तात्यांनी दात-ओठ खात वल्हं मारलं, आणि बेट मागे सरकायला लागलं. कंदील होता, मग नुसता उजेडाचा ठिपका राहिला.

ताईत राहिलाच, हे त्याला अर्ध्या वाटेवर आठवलं.

पण त्याने होडी वळवायला सांगितली नाही. त्याऐवजी त्याने विचारलं, “तात्या, दुपारी तुम्ही मला काय विचारत होतात?”

“जेवनाचं काय, म्हटलं.”

“मेस आहे. पण कशी आहे, मला माहीत नाही.”

“मग तिथल्या जुन्या पोरांना इचार की.”

 अमेय एकदम उठून उभा राहिला. होडी कलली.

“अरे, खाली बस! बुडवतोस काय?”

तो खाली बसला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अंधारात बेटाच्या दिशेने हाक मारली.

“बाबाऽऽ! येतो मीऽऽ!”

पलीकडून काहीच आलं नाही. ठिपका तेवढा दिसत होता. पाणी होडीच्या अंगाला चाटून जात होतं. तात्यांनी वल्हं थांबवलं आणि ते याच्याकडे बघत राहिले...

 धक्का आता जवळ आला होता, खोपटातल्या दिव्याच्या उजेडात तिथली माणसं मान वळवून बघत होती, त्यांत शाळेतला एक मुलगा खरोखरच होता.

त्याने पुन्हा हात तोंडाशी धरले आणि सगळा जीव गोळा करून ओरडला.

“नूरबाबाऽऽ! मी अमेयऽऽ! येतो होऽऽ!”

“ओऽऽ!” अंधारातून आवाज आला. “ये, पोरा, ये!”