तारेवरची साय

शके १८९४च्या वैशाखात विजेच्या भट्टीची तापणारी तार घडवायला लोखंड वितळवले, तेव्हा चिमूटभर ॲल्युमिनियम जवळ आले. "दादा, पोटात थोडी जागा दे."

"तू तर माझ्याआधी वितळतोस! बरं, बस कोपऱ्यात," लोखंड हसले.

तार भट्टीत बसली. धग वाढताच वारा लोखंडाला खायला धावला. मागची नुसत्या लोखंडाची तार खपल्या पडूनच संपली होती. लोखंड घाबरले.

"सरक दादा, वाऱ्याला मी बघतो." ॲल्युमिनियम वर आले आणि वाऱ्याला मिठी मारून सायीसारखे तारभर पसरले. वारा बाहेरच अडला.

भट्टी निवल्यावर परसू मिस्त्रीने मळ समजून साय घासून काढली.

"आता रे?" लोखंड कळवळले.

"तुझ्या पोटात अजून शिल्लक आहे मी!"

पुन्हा धग लागली आणि नवी साय धरली. कोपऱ्याचे ऋण फिटले.