देठाखालची माती

पूर्वी चंपा नगरीवर राजा अरिंदमाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व वेशीबाहेर वैद्य होऊन राहत असे. एका श्रावणात, तो रोजच्यासारखे हिरडे उन्हात पसरत असताना, नदीपलीकडच्या गावाहून निरोप आला. त्याचा धाकटा भाऊ सोमिल ज्वराने गेला होता. सोमिलाला दुसरे कोणी नव्हते. गावकऱ्यांनी कळवले होते की शेवटच्या नावेपर्यंत वाट पाहू, मग चिता पेटवू. बोधिसत्त्वाने हिरडे तसेच ठेवले आणि काठी घेतली.

दारात पिंगला माळीण उभी होती. तिच्या टोपलीत पांढरी अळंबी होती, देठ काढून स्वच्छ धुतलेली.

"एवढी बघून द्या, वैद्यबुवा. लेकीला आठवा महिना आहे. दुसरे काही मागत नाही ती."

बोधिसत्त्वाने क्षणभर डोळे मिटले. चार पावसाळे तो या नगराला एकच गोष्ट सांगत होता. वारुळावरची अळंबी खायची असते. तिचा देठ मुळासारखा खोल वारुळात उतरलेला असतो. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी माणूस मारते. तिच्या देठाच्या बुडाशी, मातीत, अंड्याच्या टरफलासारखी पिशवी असते. वरून पाहिले तर दोघी सख्ख्या बहिणी. पण मुळासकट उपटले की वारूळ रुसते, अशी चंपेत समजूत होती. लोक अळंबी मातीवरूनच मोडून घेत. खूण मातीत राही आणि नुसती छत्री वैद्याकडे येई.

"देठ कुठे आहेत?"

"चिवट होते. टाकले."

"मग मी काय बघू, बाई?"

"एवढे शिकलात, तुम्हाला काय अवघड आहे?"

"टाकून दे ही."

"सांगायचे नसेल तर राहू द्या. शिजवताना चांदीची अंगठी घालीन. काळी पडली नाही की झाले."

"अंगठीला काही कळत नाही. गेल्या वर्षी कुंभाराकडे अंगठी पांढरीच राहिली आणि तीन माणसे गेली."

"त्यांची अंगठी खोटी असेल."

टोपली हिसकावून उपडी करावी, असे त्याच्या मनात आले. पण मग ती उद्या त्याच जागेवरून पुन्हा तोडून आणील, आणि या वेळी कोणाला न विचारता रांधील. त्याने एकदा नदीकडे पाहिले.

"जागा दाखव," तो म्हणाला.

वाटभर पिंगला जावयाविषयी बोलत राहिली. वारुळावर मोडलेले दहा देठ होते. बोधिसत्त्वाने एकेक उकरला. दहाही खोल गेले होते.

"बघा. उगाच पायपीट," पिंगला म्हणाली.

"सगळी इथलीच ना?"

"दोन तिकडची, सालाच्या झाडाखालची. टोपली भरेना."

त्या झाडाखाली त्याने बोटाने माती सारली. देठाभोवती फाटलेली पांढरी पिशवी होती.

"मग ती दोन काढून टाकते."

"कोणती दोन?"

पिंगलेने बराच वेळ टोपलीत पाहिले. एक छत्री उचलली, परत ठेवली. मग तिने स्वतःच टोपली रिकामी केली आणि तिथेच खाली बसली.

"आता काय घालू तिला?"

बोधिसत्त्व वारुळापाशी परत गेला आणि मागच्या बाजूला नुकती फुटलेली चार अळंबी त्याने मुळासकट खणून काढली. त्याला बराच वेळ लागला, कारण मूळ तुटू न देता काढायचे होते.

"वारूळ रुसेल," ती म्हणाली.

"रुसू दे. पुढल्या वेळी अशीच घेऊन ये."

तो घाटावर पोहोचला तेव्हा नाव सुटून गेली होती. सोमिलाला अग्नी गावकऱ्यांनी दिला.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, ती माळीण म्हणजे दर उपोसथाच्या व्रतदिवशी तीच शंका घेऊन येणारी वृद्ध उपासिका, जिला आज तुम्ही दारातून परत पाठवलेत. तिच्या लेकीच्या पोटातले मूल म्हणजे तिला परत पाठवणारा हा भिक्षू उग्रसेन. वैद्य मी होतो. त्या दिवशी वैद्याला राग आला नव्हता, असे समजू नका. राग येऊनही तो उकरत राहिला, याला क्षांती म्हणतात."

सोमिल आज कोण आहे, हे शास्त्यांनी सांगितले नाही.